दिवसाला पाचशे

काल्यो रविवारी रात्री गेला. यादी माझ्याकडे होती.
बावन्न वर्षांत त्याच्या गायनवृंदात उभे राहिलेले सगळे,
एक हजार आठशे चौऱ्याहत्तर,
आडनावांच्या अक्षरांप्रमाणे,
कारण त्याला खुर्च्यासुद्धा तशाच लावलेल्या आवडायच्या.

सोमवारी हापसालूच्या वाचनालयात,
खिडकीबाहेर खाडीवर मार्चचं करडं बर्फ,
मी चार ओळी लिहिल्या. चौथी तीनदा खोडली.
शनिवारी दफन, अकरा वाजता, एवढंच राहिलं.
पाठवायला लागले आणि के अक्षराच्या मध्यात
पडद्यावर लाल पट्टी:
आजची मर्यादा संपली. नंतर प्रयत्न करा.

मी घरी मध्यरात्रीपर्यंत जागी.
बारा वाजले. पट्टी लालच.

सकाळी वाचनालयातला राइगो हसला नाही,
हे त्या पोराचं मोठेपण.
"उर्वे, मोजणी बाराला उलटत नाही.
काल अकराला गेलेल्या पत्राची जागा
आज अकरालाच रिकामी होणार.
सौनातल्या बाकासारखं. एक उठला की एक बसतो."

"मग एकाच पत्रावर शंभर पत्ते घालते."
"शंभरच मोजतील. लपवून घातलेत तरी शंभरच."
"पैसे भरले तर?"
"मर्यादा वाढते. पण नव्या पत्त्याला कोण ओळखतं?
त्याला आधी थोडं थोडं लिहून ओळख कमवावी लागते,
आणि तुमच्याकडे शनिवारपर्यंतच वेळ आहे.
पन्नास-पन्नासने सोडा. मध्ये श्वास घ्या.
एकदम धावून गेलात तर समोरचं दार
तुम्हाला चोर समजतं."

मध्ये श्वास घ्या.
दुसऱ्या रांगेत उभी राहून
आयुष्यभर हेच तर ऐकलं मी.

एकशे एकेचाळीस पत्रं परत आली.
हा पत्ता अस्तित्वात नाही. हा पत्ता अस्तित्वात नाही.
"खोडा," राइगो म्हणाला,
"परत येणाऱ्या पत्रांनी पाठवणाऱ्याचं नाव खराब होतं."
मी खोडत गेले. दोघा-तिघांच्या दफनाला
मीच गायले होते, तरी यादीत ठेवले होते.

मग सुचलं, आधीच सुचायला हवं होतं:
ज्यांना विमान धरायचंय ते आधी.
परदेशी शेपटीचे पत्ते वर ओढले,
टोरांटो, माल्मो, एक तर पर्थचा.
गावातल्यांना काय, गाव सांगेल.

गावाने सांगितलं नाही.
बुधवारी बेकरीत व्हाइनो, टेनर, आडनाव व्ही-वरून,
पिठाळ हात पुसत विचारतो,
"ईस्टरला काल्यो कोणतं बसवतोय?"
के पर्यंतच्यांचा काल्यो गेला होता,
व्हाइनोचा अजून ईस्टरची गाणी निवडत होता.
मी राईचे दोन पाव घेतले, सुटे मोजले,
आणि म्हटलं, जरा बाहेर ये.

गुरुवारी दुपारी शेवटचं पत्र गेलं.
यू, आमच्या वर्णमालेचं अगदी शेवटचं अक्षर:
मारेत यूलावेरे. राहते गॉथेनबर्गला,
पण पत्ता जुना, इथलाच,
म्हणून माझ्या हातून मागे राहिलेली.
रात्री तिचं उत्तर आलं.
"काल मी त्याला वाढदिवसाचं कार्ड टाकलं.
आज सकाळभर विचार करत होते, हसेल का.
तू उशीर केलास म्हणून रागवायला बसले होते, उर्वे.
पण तुमच्यापेक्षा मला तो
चार दिवस जास्त मिळाला."

एक गोष्ट मी राइगोलाही सांगितली नाही.
मंगळवारी एल अक्षरात,
पन्नासाच्या एका गठ्ठ्यात,
त्याचा स्वतःचा पत्ताही निघून गेला.
लक्षात आलं तेव्हा हात बटणावरच होता.
त्याच्याच मरणाची बातमी, शनिवार, अकरा वाजता.

ते पत्र परत आलं नाही.

यादी साफ करताना ते नाव मी खोडलेलं नाही.
पाचशेतली एक जागा अडते.
अडू दे.